धोडपची खाच

माझा धंदा कवळ्यांचा.
मेन रोडच्या मागे दहा बाय आठची खोली,
गुलाबी मेण, पांढरं प्लास्टर,
आणि फडताळात ओळीनं मांडलेले
लोकांचे जबडे, नावाच्या चिठ्ठ्या लावून.

म्हणून सांगतो, वडाळीभोईच्या फाट्यावर जीपमधून
पहिल्यांदा तो दिसला तेव्हा
इतरांनी काय पाहिलं ठाऊक नाही,
मला दिसला खालचा जबडा:
सातमाळेची रांग, एकाला एक खेटून सुळके,
आणि धोडपच्या भिंतीत, मधोमध,
एक दात नाही.

हात शिवशिवले.

हट्टी गावातून निघालो तेव्हा उजाडत होतं.
बरोबर भाचा हेरंब, प्रत्येक वळणावर थांबून सांगणारा
की मामा, किल्ला चढायचा असतो, तपासायचा नसतो.
मी तपासत होतो.
कातळातल्या पायऱ्या दाढांसारख्या झिजलेल्या,
मध्ये खळगा, कडा शाबूत.
दरवाज्यावरचा लेख वाऱ्यानं निम्मा चघळून टाकलेला,
उरलं होतं एका वेलांटीचं शेपूट आणि 'शके'.
कुठल्या शके, ते गिळलं गेलं.

माचीवर खव्याच्या भट्टीचा धूर.
कढई, ती ढवळणारी म्हातारी, दोन रेडकं,
आणि जिथे कधीकाळी सदर असेल त्या जोत्यावर
वाळत घातलेली गोधडी.
नाव ठकूबाई.
हसली तर तोंडात एकही दात नाही.
हिरड्या मात्र घट्ट, अशा वर्षातून एकदा बघायला मिळतात.
म्हणालो, आजी, नाशकाला या एकदा,
माप घेतो, कवळी करून देतो, पैसे नकोत.
तिनं उलथनं थांबवलं नाही.
"मला कशापायी? खवा काय चावावा लागतो?"
मग त्या खाचेकडे हनुवटी करून,
"त्याला बशीव आदी.
माझ्या सासऱ्याच्या सासऱ्यापासून
उघडंच हाये तोंड त्याचं."

हेरंब इतका हसला की त्याला ठसका लागला.

वर जाऊन खाचेच्या काठावर बसलो.
लांबवर सगळं होतं, कांद्याच्या चाळी, द्राक्षांचे मांडव,
एका शेततळ्यात अडकलेलं ऊन,
रवळ्या-जवळ्या, मार्कंड्या, त्यामागे सप्तशृंग.
पण समोर, हाताच्या अंतरावर, नुसता वारा.
कोणी म्हणतं वीज पडली, कोणी म्हणतं सुरुंग,
हेरंबचा फोन म्हणतो, दगडच तसा, भेगाळणारा.
मी ओठ आवळून शीळ घालून पाहिली.
डोंगराची बरी वाजत होती.

रात्रीच्या पहाऱ्यावर कोणी इथंच बसलं असेल पाय सोडून,
दाढ ठणकत असेल त्याची.
लवंग संपलेली, वैद्य खाली गावात,
दरवाजे बंद.
त्या एका रात्रीचं बांधकाम कुठंच उरलेलं नाही,
पण का कोण जाणे,
बुरूज पाहताना आलं नाही ते पाणी
तेव्हा डोळ्यांत आलं.
टाक्यातलं पाणी गार होतं. बाटली भरली, उतरलो.

सोमवारी खरोटे गुरुजी आले, कवळी परत घेऊन.
माझंच काम, बावीस तारखेचं,
ओळंबा लावावा इतकं सरळ.
सोबत जुना फोटो, लग्नातला,
पुढच्या दोन दातांत फट.
"ही पाहिजे," म्हणाले.
"बायको विचारते, घरात हा कोण हसतोय."

मागल्याच महिन्यात मी त्यांना समजावलं होतं,
गुरुजी, फट म्हणजे दोष.

मेण गरम केलं. दोन दात पुन्हा लावले,
मध्ये सुरीचं पातं जाईल इतकी जागा सोडून.
त्यांनी ते तोंडात बसवलं, आरसा बाजूला सारला,
आणि फुंकर घातली.
नुसती हवा.
"थोडी आणखी," म्हणाले.